डोळ्यावरची माशी

फुलाबाईचा दिवस शिवीशिवाय सुरू होत नसे. सकाळी अंगणात सडा टाकताना पहिली शिवी कोंबड्यांना, दुसरी कोंबड्यांच्या मालकिणीला, म्हणजे माझ्या आईला, आणि मग रस्त्यानं जो जाईल त्याला. शिव्यांचे प्रकार पुष्कळ होते, पण ठेवणीतली एकच. कमरेवर हात, मान थोडी वाकडी आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज: "तुह्या डोळ्यात किडे पडतीन!" बाहेरगावचा माणूस दचकायचा. आम्ही पोरं मात्र तेवढं ऐकलं की समजायचो, सकाळ झाली, आता शाळेला उशीर होणार.

आमचं गाव गोंदियाहून कामठ्याला जाणाऱ्या वाटेवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आमची जातही लिहीत नाही. लिहिली तर बाकीचे लोक "बघा, त्यांच्यात असं चालतं" म्हणून माना हलवतील, आणि त्यांच्या घरी काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. फुलाबाई आमची शेजारीण. आम्ही तिला मोठीमाय म्हणत असू. नातं रक्ताचं नव्हतं, कुंपणाचं होतं, आणि ते कुंपण कोंबड्यांनी कधीच मानलं नाही.

धान कापून झालं की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळी येते. तिच्या कोवळ्या शेंगा चोरून खाणं हा आम्हा पोरांचा हिवाळ्यातला मुख्य धंदा. एकदा फ्रॉकच्या ओच्यात शेंगा भरून मी मोठीमायच्या बांधीतून निघाले तर ही धुऱ्यावर, बांधावर, उभी. "नंदे! तुह्या डोळ्यात किडे पडतीन! कच्च्या कायले तोडते वं? त्या कोपऱ्यातल्या भरल्या आहेत, त्या तोड!" मी रडायच्या तयारीत होते. तिनं माझा ओचा रिकामा केला आणि कोपऱ्यातल्या भरल्या शेंगांनी परत भरून दिला, शिव्या मध्ये न थांबवता. पुढं मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, मोठीमाय, इतकं वाईट काऊन बोलते? ती म्हणाली, "शिवी पोटात ठेवली त सडते, बाई. बाहेर फेकली त वारा नेते."

ती कोणाला काय फेकायची हे नीट ऐकलं तर त्यात हिशेब असायचा. दारू पिऊन बायकोवर हात टाकणाऱ्याला ती भर चौकात गाठायची. मतं मागायला आलेल्यांना पाणी द्यायची, आणि पाणी पिऊन झाल्यावर शिवी. पण कोणाच्या घरी बाळंतीण अडली किंवा प्रेत पडलं की हिचं तोंड बंद आणि हात सुरू. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना शेवटची अंघोळ तिनं घातली. मढ्याजवळ बसून रात्र काढायची ती पदरानं माशा, डास हाकलत. "जित्यापनी कोनी पुसलं नाही," म्हणायची, "आता त कोनी जवळ बसा."

मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. मी गोंदियाजवळ कुडव्याला एक खोली आणि तिच्या पुढची एक गाळावजा जागा भाड्यानं घेतली आणि ब्युटी पार्लर टाकलं. पार्लर हा शब्द आमच्या गावात तोंड वाकडं करूनच उच्चारायचा, अशी रीत पडली. माझी सख्खी मावशी पार्लरच्या दारावरून गेली पण आत आली नाही. आणि एके दुपारी मुरलीच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, मोटरसायकलवरून फुलाबाई उतरली. नऊवारी गुडघ्यापर्यंत चढलेली, पायात प्लास्टिकच्या चपला. खुर्चीवर बसली, आरशात स्वतःकडे बघून खूष झाली आणि म्हणाली, "माह्या बी भोया कोर. गावात दाखवतो साऱ्याइले."

मी खरंच भुवया कोरल्या. दोरा दातात धरून तिच्या चेहऱ्यावर वाकले तेव्हा तिचे डोळे इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. बुबुळाभोवती राखेच्या रंगाचं कडं, आणि त्यातून ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. दुखत असणार, पण हू की चू नाही. उठताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "जे तुले बोलले ना, त्याइच्या डोळ्यात…" आणि पुढचं आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. पार्लरमध्ये बसलेली गिऱ्हाईकं हसून हसून बेजार झाली. त्यानंतर आमच्या गावच्या बायका हळूहळू यायला लागल्या.

मग तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली आणि उजव्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटेना. झोपली तरी डोळा अर्धा उघडा राहायचा. मी भेटायला गेले तेव्हा ती काहीतरी पुटपुटली. कान जवळ नेला तर शिवीच होती, अर्धवट, घरंगळत आलेली. मला हायसं वाटलं. शिवी आहे म्हणजे बाई आहे.

नंतर बरेच दिवस मला गावाकडे जाणं झालं नाही. मुरलीच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न ठरलं. मुलगा तिरोड्याचा. वर्षानं फोन केला, आत्या, माझं फेशियल तुलाच करायचं आहे. लग्नाच्या आठवड्यात मी सामानाची पेटी घेऊन गेले. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. अंगणात पाहुणे, कढया, कोंबड्या. आणि कोंबड्यांना कोणी शिवी देत नव्हतं. ते मला फार खटकलं.

"मोठीमाय कोठी आहे?" मी विचारलं. वनितानं, मुरलीच्या बायकोनं, माझ्याकडे न बघता सांगितलं, "मांगं आहे. पाहुन्याइची गर्दी आहे ना, आराम भेटत नाही तिले." मागं म्हणजे कोठ्यात. बैल विकले तेव्हापासून तिथं जुनी टोपली, ट्रॅक्टरची ट्यूब आणि गोवऱ्या असायच्या. आता तिथं एक खाट होती आणि खाटेवर फुलाबाई.

वास आधी आला. उजव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं. डावा हात, जो चालता होता, तो मऊ कापडानं खाटेच्या दांडीला बांधलेला. चेहऱ्यावर इतक्या माशा, की मी जाताच ढग उठावा तशा उठल्या. तिनं डावा डोळा उघडून मला ओळखलं. मी फडकं उचललं. आधी मला वाटलं, भाताची शितं चिकटली आहेत. मग ती शितं हलली.

मी किंचाळले असणार, कारण सगळे धावत आले. आणि मला संताप कशाचा आला सांगू? ते किडे पाहून कोणीही दचकलं नाही. मुरली नाही, वनिता नाही. त्यांना माहीत होतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं तेव्हा वनितानं मोह फुलण्याच्या दिवसातला जंगलातला मध आणून डोळ्यात घातला. आमच्याकडे डोळ्याला मध घालतातच, तिच्या आईनं घातला, आजीनं घातला. म्हातारी हातानं पुसून टाकते, फडकं ओढते म्हणून हात बांधला. वाईट मनानं नाही, मध डोळ्यात राहावा म्हणून. मिटत नसलेला डोळा, त्यात गोड मध, आणि हाकलणारा एकच हात, तोही बांधलेला. माशीला आणखी काय पाहिजे?

इथपर्यंत मी समजू शकते. चूक होते माणसाकडून. पण किडे दिसले त्यानंतरचं मी समजू शकत नाही, आजही नाही. आमच्यात माणसाच्या जखमेत किडे पडले की तो माणूस बाटला, असं धरतात. त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. पंच बसतात, शुद्धी होते, जातीला जेवण पडतं, तेव्हा ते घर परत जातीत येतं. गुराला किडे पडले तर लोक औषध आणतात. माणसाला पडले तर पंच आणतात.

"लगन होऊ दे नंदाबाई," मुरली हात जोडून म्हणाला. "मंग मीच नेतो दवाखान्यात. चार दिवसाचा सवाल आहे. आता कोनाले समजलं त मांडवात कुत्रं बी येनार नाही. पोरीचं काय करू?"

"आणि मायचं काय करतो रे?"

"ते त आता पिकलं पान आहे."

मी त्याच्या तोंडात मारली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. हात सोडवायला गेले तर गाठ घट्ट बसलेली, सुटेना. तेवढ्यात अंगाला बेसन-हळद फासलेली वर्षा माजघरातून आली, हातात विळा. तिनं आजीच्या हाताची गाठ कापली. मग बापाला म्हणाली, "ॲपे बोलवा. नाही त मी बोलवतो." तशीच, पिवळ्या अंगानं, ती आमच्याबरोबर ॲपे रिक्षात बसली. वाटभर ती आजीच्या चेहऱ्यासमोर ओढणी हलवत होती.

गोंदियात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "अम्मा, हिलना मत," एवढंच त्या फुलाबाईला म्हणाल्या. डोळा बधिर केला, मलम भरलं, आणि चिमट्यानं एकेक किडा काढायला लागल्या. माझे हात दिवसभर लोकांच्या डोळ्यांजवळच असतात, पण मी तिकडे बघू शकले नाही. फुलाबाई हलली नाही, कण्हली नाही. मध्येच तिनं जड जिभेनं मला विचारलं, "नंदे, माह्याच शिव्या फिरल्या का वं माह्यावर?"

जन्मभर ज्या बाईनं पाटलाला, पुढाऱ्याला, देवाला भीक घातली नाही, ती घाबरली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तिला सांगायला मी वळले. पण उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं, चिमटा न थांबवता. "किसीका शाप-वाप नहीं है अम्मा. माशी आली, बसली, अंडी घालून गेली. हाकलायला कोणी नव्हतं. एवढंच."

फुलाबाईनं ते ऐकलं. नंतर बराच वेळ ती तेच तोंडात घोळवत होती. हाकलाले कोनी नव्हतं.

डोळा राहिला, नजर गेली. किडे आणखी आत गेले असते तर जीवच गेला असता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि दारात मला थांबवून हळूच म्हणाल्या, दिसले त्याच दिवशी आणली असती तर कदाचित नजरही वाचली असती. ते मी मुरलीला घरी जाऊन सांगितलं. हळू नाही, अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर.

तोवर ॲपेवाल्यानं गावभर केलंच होतं. पंच आले. सगळ्यात मोठा सुखराम बुढा, गालफडात तंबाखू, खांद्यावर पंचा. फुलाबाईला खाटेसकट अंगणात आणून ठेवलं. सुखराम बुढ्यानं रीत सांगितली: नखं काढायची, गोमूत्र प्यायचं, माझ्या पापानं हे झालं असं पाचांसमोर म्हणायचं, आणि जातीला जेवण. मग सुनावलं, "जनमभर दुसऱ्याच्या डोळ्यात किडे पाडले. देवानं घरी आनून देल्ले." काही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. यांच्यातल्याच कितीजणींच्या सासवांना हिनं शेवटची अंघोळ घातली होती.

मुरली सगळ्याला हो म्हणत होता. गोमूत्राचा गडू आला. फुलाबाईनं डोळ्यावर पट्टी बांधलेलं तोंड वळवलं. शब्द लडखडत होते, पण एकेक वेगळा काढून ती बोलली. "मले काऊन शुद्ध करता? मी त कोठीच गेली नाही. खाटेवर पडून होती. माशी आली माह्यापासी. करा लागते त माशीले करा."

कोणीतरी हसलं. सुखराम बुढा लाल झाला. म्हातारीनं स्वतः गोमूत्र घेतल्याशिवाय या घरात कोणी जेवणार नाही, म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण लग्न दारात होतं, आणि मुरलीचं तोंड पाहून शेवटी मीच म्हटलं, मी हिला कुडव्याला नेते. म्हातारी घरात नसली तर बाकीच्यांचं भागतं का? भागतं, पंचांनी ठरवलं. मुरलीनं आईच्या नावानं गोमूत्र घेतलं, गाव जेवलं. मी मात्र त्या दिवशी मांडवात गेले नाही.

पण वर्षा माझ्याकडे आली. सासरच्यांना काय सांगितलं देव जाणे, लग्नाच्या सकाळी ती शृंगाराला कुडव्याला आली. आतल्या खोलीचा पडदा मी बाजूला केला, म्हणजे खाटेवरून फुलाबाईला आरसा दिसावा. एका डोळ्यानं तिनं नातीचा सगळा साज पाहिला. झाल्यावर वर्षा पाया पडली. म्हातारीनं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. अष्टपुत्रा नाही, अखंड सौभाग्य नाही. म्हणाली, "तुह्या डोळ्यावरची माशी हाकलाले कोनीतरी राहो." वर्षाचं काजळ पसरलं, मला परत लावावं लागलं.

त्यानंतर फुलाबाई माझ्याकडेच राहिली. शिव्या हळूहळू परत आल्या. दुकानाच्या पाट्यांना, भुंग्यासारख्या गाड्यांना, माझ्या मिक्सरला. पण ती एक ठेवणीतली मी परत कधी ऐकली नाही. पार्लरमध्ये आलेल्या पोरींना ती आतून ओरडून विचारायची, "तुह्या घरी कोनी बुढं आहे का? डोळे पाहते का त्याचे रोज?" एखादी नाही म्हणाली की पुढचे शब्द लिहिण्यासारखे नसत. मुरली अधूनमधून तांदूळ घेऊन यायचा आणि दारातूनच जायचा. वनिता आली नाही.

पावसाळा सरता सरता, धान निसवत असताना, ती झोपेतच गेली. तिला गावच्या मसणात जायचं होतं, म्हणून आम्ही तिला गावी नेलं. अंगणात खाली ठेवली आणि पंच पुन्हा बसले. म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं गोमूत्र घेतलं नव्हतं, तर खांदा कोणी द्यायचा? मेलेल्या बाईसमोर, तासभर, ही चर्चा. माशा फार होत्या. तिरोड्याहून आलेली वर्षा आजीच्या उशाशी बसून पदर हलवत होती.

सुखराम बुढा रीत समजावत होता. बोलता बोलता त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी माशी बसली, त्याचा हात उठला, माशी उडाली. थोड्या वेळानं परत बसली, परत हात उठला. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सुखरामबाबा, तुमचा हात मोकळा आहे. म्हणून तुम्ही जातीत आहात." त्यानं तंबाखू थुंकली आणि दुसरीकडे बघितलं. इतक्या वर्षांत साठलेला माझा सगळा राग एवढ्याच वाक्यात बाहेर पडला, आणि ते पुरलं नाही.

तेव्हा वनिता उठली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं चार माणसांत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. "मध मीच टाकला होता," ती म्हणाली. "हात बी मीच बांधला. खांदा बी मीच देतो." आणि पदर खोचून तिरडीच्या डोक्याकडच्या, पुढच्या बांबूशी जाऊन उभी राहिली. मुरली कोणाकडे न बघता तिच्या बाजूला गेला. मागं वर्षा आणि मी. गाव बघत राहिलं. आम्ही चौघांनी तिला उचललं.

वाट बांध्यांमधून जाते. चिखल होता, पाय घसरत होते, आणि आमच्यात प्रेताचं तोंड उघडंच ठेवतात. वनिता एका हातानं खांद्यावरचा बांबू धरून चालत होती, आणि दुसरा हात मागं नेऊन, न वळता, मसणापर्यंत सासूच्या चेहऱ्यावरच्या माशा हाकलत होती.